शुल्क वाढले तरी बोली वाढत नाही

वाचकाचे पत्र

अमळनेरमध्ये आमचे भांड्यांचे दुकान आहे. लग्नसराईत आणि आखाजीच्या आधी लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालतात आणि स्टीलची नवी नेतात. त्या मोडीतली चांगली घंगाळे, कोयऱ्या, अडकित्ते, समया मी बाजूला काढते, चिंच लावून घासते आणि एका ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकते. याला चार वर्षे झाली. बहुतेक गिऱ्हाइके पुणे, मुंबई आणि नाशिककडची आहेत. आतापर्यंत वस्तू मांडायला काही पडत नव्हते, विकली गेली तर बोलीच्या रकमेवर ८ टक्के कमिशन जायचे. १ सप्टेंबरपासून प्रत्येक मांडणीला २० रुपये लागणार आहेत आणि वस्तू विकली नाही तरी ते परत मिळणार नाहीत. शिवाय प्रत्येक विक्रीमागे १५ रुपये ठोक, आणि कमिशन १२ टक्के, तेही कुरिअरचा खर्च धरून. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी आहेच. सुरुवातीची बोली मी तेवढ्याच प्रमाणात वाढवावी का? विक्रेत्यांच्या गटात आठवडाभर काहीही न मांडण्याचा ठराव चालला आहे, त्यात सामील व्हावे का? यजमानांचे म्हणणे असे की, ही दगदग सोडून सगळे मोडीच्या भावात भट्टीला देऊन टाकावे. सध्या माझ्याकडे साखळीचा एक सुंदर लामणदिवा आला आहे. तो नवे शुल्क लागू होण्याआधीच घाईने विकून टाकावा का?

एक वाचक भगिनी, अमळनेर


उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. सुरुवातीची बोली सरसकट वाढवू नका. दुकानात स्टीलच्या डब्याची वाहतूक महागली की तुम्ही किमतीत दहा रुपये चढवता आणि गिऱ्हाईक थोडी घासाघीस करून ते देते, कारण तिथे किंमत तुम्ही ठरवता. लिलावात ती तुम्ही ठरवत नाही. पुण्यातल्या एखाद्या संग्राहकाने तुमच्या घंगाळासाठी साडेचार हजारांपर्यंत जायचे मनाशी ठरवलेले असेल, तर संकेतस्थळ तुमच्याकडून आठ टक्के घेते की बारा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याच्या मनातला आकडा जागचा हलत नाही, त्यामुळे वाढलेले शुल्क आधी पूर्णपणे तुमच्याच पदरातून जाते. सुरुवातीची बोली वाढवली म्हणून अखेरची बोली सहसा वाढत नाही. फार तर जो हौसेने पहिली बोली लावून पुढे गुंतत गेला असता, तो आकडा पाहूनच मागे फिरतो.

आपल्या भागाला हा व्यवहार नवा नाही. बाजार समितीच्या ओट्यावर मालाचा लिलाव होतो तेव्हा अडत म्हणजे दलालाचे कमिशन, हमाली, तोलाई कोणाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीतून, कापायची, हा वाद कितीतरी वर्षे चालत आला आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि नाशिक भागातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. शेतकऱ्याच्या पट्टीतली ती ओळ जावी, ही मागणी रास्तच होती. पण अडत खरेदीदाराने भरायची असली की तो बोली लावतानाच ती मनात वजा करून बोलतो, हेही ओट्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ऑनलाइन लिलावातही हेच घडते. इंग्लंडमध्ये ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये घरगुती विक्रेत्यांचे विक्री शुल्क मोटारगाड्या वगळता काढून टाकले आणि फेब्रुवारी २०२५ पासून खरेदीदाराच्या संरक्षणाच्या नावाने त्याच्याकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. शुल्क कोणाच्या नावावर लिहिले आहे, याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. ज्याला जायला दुसरी जागा नसते, अखेर त्याच्याच अंगावर ते येऊन पडते. तुम्हाला दुसरी जागा कुठे आहे आणि कोणत्या वस्तूसाठी आहे, हे शोधणे हेच तुमचे खरे काम आहे, आणि त्यासाठी आकडेमोड करावी लागेल. कंटाळा न करता माझ्याबरोबर ती करा.

तुम्ही सोबत जोडलेल्या हिशोबातला पितळी अडकित्ता घेऊ. मोडीत तो तुम्हाला १८० रुपयांना पडतो, घासणे आणि बांधणी यांचे ३० रुपये, एकूण २१०. लिलावात तो ३०० रुपयांना जातो आणि कुरिअरचे ८० रुपये गिऱ्हाईक वेगळे देते. जुन्या पद्धतीत ३०० वर ८ टक्के म्हणजे २४ रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून २८ रुपये ३२ पैसे जात होते, आणि तुमच्या हातात साधारण ६२ रुपये राहत होते. आता कमिशन ३८० रुपयांवर लागेल. ते ४५ रुपये ६० पैसे, त्यात मांडणीचे २० आणि ठोक १५ मिळवले की ८० रुपये ६० पैसे होतात, आणि जीएसटीसह ९५ रुपये ११ पैसे. म्हणजे ३०० रुपयांच्या वस्तूवर जवळजवळ ३२ टक्के. हातात काही राहत नाहीच, उलट ५ रुपये पदरचे जातात. पहिल्या खेपेला अडकित्ता विकला गेला नाही आणि पुन्हा मांडावा लागला, तर मांडणीचे जीएसटीसह आणखी २३ रुपये ६० पैसे गेले.

आता घंगाळ पाहू. सहा किलोचे घंगाळ मोडीत ५०० रुपये किलोने ३,००० रुपयांना पडते, कल्हई, घासणे आणि भक्कम बांधणी यांचे २५० रुपये. बोली ४,५०० वर थांबते, कुरिअर ७०० रुपये. पूर्वी शुल्क ४२४ रुपये ८० पैसे जात होते, आता ७७७ रुपये ६२ पैसे जाईल. तुमची शिल्लक ८२५ रुपयांवरून ४७२ वर येते. घट मोठी आहे आणि तिचा राग येणे साहजिक आहे, पण वस्तू अजून नफ्यात आहे. इथे शुल्क सुमारे १७ टक्के पडते, अडकित्त्यावर ते ३२ टक्के पडत होते.

जाहिरातीत ठळक छापलेला ८ आणि १२ टक्क्यांचा फरक हा हलक्या किमतीच्या वस्तूंसाठी या बदलातला मुख्य भाग नाही, हे या दोन हिशोबांतून दिसते. त्यांच्यावर खरा घाव मांडणीच्या आणि विक्रीच्या ठोक रुपयांनी घातला आहे. जड वस्तूंना वेगळा चिमटा बसतो, कारण कुरिअरच्या पैशांवरही कमिशन आहे आणि ते पैसे तर तुमच्या हातात राहतच नाहीत. या नियमाला मात्र एक कारण आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. काही विक्रेते बोली नाममात्र ठेवून कुरिअरचे पैसे अवाच्या सवा लावत आणि कमिशन चुकवत. ईबेने २०११ मध्ये अमेरिकेत पोचवणीच्या खर्चावरही विक्री शुल्क लावले ते ही पळवाट बंद करण्यासाठीच. प्रामाणिक विक्रेत्याला त्याची झळ लागते, आणि वजनदार पितळ विकणाऱ्याला ती जास्त लागते.

तेव्हा पुढच्या महिन्यापासून सुटे अडकित्ते, सुट्या कोयऱ्या, फुलपात्री लिलावात मांडणे थांबवा. अशा वस्तूंचे संच करा. पाच अडकित्ते एकत्र मांडले, संच म्हणून थोडे कमी म्हणजे १,३५० रुपयेच आले आणि कुरिअर १५० रुपये धरले, तरी शुल्क २५३ रुपये ७० पैसे होते आणि खर्च वजा जाता तुमच्याकडे ४६ रुपये उरतात. सुटे विकले असते तर पाचांवर मिळून २५ रुपये तोटा झाला असता. ४६ रुपये म्हणजे काही कमाई नव्हे, हे मला कळते. संच १,५०० ला गेला तर १७५ रुपये उरतील. तो तिथपर्यंत जावा यासाठी संचाला काही सूत्र द्या. एकाच घडणीचे वेगवेगळ्या आकाराचे अडकित्ते, किंवा अडकित्ता, चुन्याची डबी आणि पानपुडा असा एकत्र विडा-सरंजाम संग्राहकाला जितका ओढतो, तितके पाच असंबद्ध नग ओढत नाहीत. ज्या नगांचा संच जमत नाही, ते दुकानाच्या काउंटरवर काचेच्या कपाटात ठरावीक किमतीला ठेवा. तिथे मांडणीचे वीस रुपये कोणी मागत नाही, आणि तिथे किंमतही तुम्हीच ठरवता.

सुरुवातीच्या बोलीबद्दल आता नेमके सांगते. प्रत्येक वस्तूचा एक तळ काढून ठेवा, ज्याच्या खाली ती विकली तर पदरचे जाते. रीत अशी: वस्तूवर झालेला तुमचा सगळा खर्च घ्या, त्यात ठोक शुल्काचे जीएसटीसह ४१ रुपये ३० पैसे मिळवा, कुरिअरच्या रकमेचे १४.१६ टक्के मिळवा, कारण १२ टक्के कमिशन त्यावरच्या जीएसटीसह तेवढे होते, आणि आलेल्या बेरजेला ०.८५८४ ने भागा. घंगाळासाठी हा आकडा ३,९५० रुपये येतो आणि एका अडकित्त्यासाठी ३०६ रुपये. ज्या प्रकारच्या वस्तू साधारण दुसऱ्या खेपेला विकल्या जातात, त्यांच्या खर्चात आणखी २३ रुपये ६० पैसे धरा. हा तळ म्हणजे सुरुवातीची बोली असलीच पाहिजे असे नाही. जिथे तुमच्या वस्तूवर नेहमी पाच-सहा जण बोली लावतात तिथे सुरुवात तळाच्या बरीच खाली ठेवली तरी चालते, उलट ती माणसे गोळा करते. जिथे एक-दोनच बोलीदार असतात तिथे सुरुवात तळावरच ठेवा, आणि विकली गेली नाही तर मांडणीचे पैसे गेले असे समजा. राखीव किमतीची, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखाली वस्तू न विकण्याची, सोय संकेतस्थळावर असेल तर तिचे वेगळे शुल्क आहे का, ते वापरण्याआधी वाचून घ्या.

बोलीदार किती, या प्रश्नापाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण विक्रेते शुल्काचा विचार करताना हा भाग विसरतात. लिलावात जिंकणारा आपल्या मनातला पूर्ण आकडा देत नाही. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस जिथे थांबला, त्याच्या जेमतेम वर तो देतो. म्हणजे तुमची किंमत ठरवणारा माणूस हरलेला असतो. आठ बोलीदारांचे सात झाले तर किमतीत फारसा फरक पडत नाही, पण दोनांचा एक झाला तर वस्तू सुरुवातीच्या बोलीवरच जाते. नव्या शुल्कामुळे स्वस्त आणि चमत्कारिक वस्तू मांडणारे छोटे विक्रेते हळूहळू निघून जातील, आणि रोज रात्री काही नवे आले आहे का म्हणून डोकावणारी माणसे त्याच चमत्कारिक वस्तूंसाठी येत असतात. ती माणसे कमी झाली, तर तुमच्या घंगाळावरचा दुसरा बोलीदारही कमी होण्याची भीती आहे. वाढीव कमिशनपेक्षा हा तोटा मोठा ठरू शकतो, आणि तो पावतीवर कुठेही लिहिलेला नसतो. म्हणून एक वही करा. गेल्या सहा महिन्यांत विकलेल्या प्रत्येक वस्तूवर किती वेगवेगळ्या माणसांनी बोली लावली, ते तुमच्या खात्यातून उतरवून घ्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे त्याच्या शेजारी लिहा. मोठ्या वस्तूंवरचे बोलीदार टिकले तर तिथेच राहा. ते निम्म्यावर आले तर दुसरी जागा शोधायची वेळ झाली.

असे घडल्याची उदाहरणे आहेत. याहूच्या लिलावात अमेरिकेत पूर्वी वस्तू फुकट मांडता येत असत. जानेवारी २००१ मध्ये तिथे मांडणी शुल्क आले आणि मांडलेल्या वस्तूंची संख्या झपाट्याने घसरली. २००५ मध्ये याहूने शुल्क पुन्हा काढून टाकले, पण गेलेला बाजार परत भरला नाही आणि २००७ मध्ये अमेरिकेतला तो लिलाव बंद झाला. चीनमध्ये ईबे विक्रेत्यांकडून शुल्क घेत होती. २००३ मध्ये अलीबाबा या चिनी कंपनीने ताओबाओ हे विक्रीचे संकेतस्थळ सुरू केले आणि मांडणी फुकट ठेवली, विक्रेते तिकडे गेले, त्यांच्यामागे खरेदीदार गेले, आणि २००६ च्या अखेरीस ईबेने तिथले आपले संकेतस्थळ बंद केले. दुसरीकडे, जिथे विक्रेत्यांना जायला जागाच नव्हती तिथे शुल्क वाढवूनही संकेतस्थळ उभे राहिले.

तुमच्या गटाच्या ठरावाचे उत्तर याच्याशीच जोडलेले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये ईबेने मांडणी शुल्क कमी केले, विक्रीवरचे कमिशन वाढवले आणि विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल प्रतिकूल शेरा देण्याची मुभा काढून घेण्याचे ठरवले, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर काहीही मांडले नाही. शुल्क तसेच राहिले. हातकामाच्या वस्तूंच्या एट्सी या बाजाराने ११ एप्रिल २०२२ पासून शुल्क ५ टक्क्यांवरून साडेसहा टक्के केले, तेव्हाही विक्रेत्यांनी आठवड्याचा संप केला, आणि शुल्क साडेसहाच राहिले. आठवडा संपला की माणसे परत येणार, हे कंपनीला माहीत असते. तुम्हाला गटाबरोबर उभे राहावेसे वाटत असेल तर जरूर राहा, एका आठवड्याने तुमचे मोठे नुकसान होणार नाही. पण त्याहून उपयोगाची गोष्ट अशी की, गटाने मिळून एक नेमकी मागणी लिहून पाठवावी: ५०० रुपयांखालच्या वस्तूंना मांडणीचे ठोक शुल्क नसावे, किंवा न विकलेली वस्तू एकदा फुकट पुन्हा मांडू द्यावी. त्यासोबत मी वर मांडला तसा एका अडकित्त्याचा हिशोब जोडा. सरसकट ‘शुल्क मागे घ्या’ म्हणण्यापेक्षा अशी मागणी मान्य करणे कंपनीला सोपे जाते, कारण छोट्या वस्तू गेल्या तर गर्दी जाते हे तिच्याही हिताविरुद्ध आहे.

यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्ध्या मालापुरते. मोडीचा भाव हा तुमच्या प्रत्येक वस्तूचा खरा आधार आहे आणि ते भांडी विकणाऱ्याच्या नजरेने तो पाहतात. ठोक्याने चेपलेला, बूड गेलेला हंडा लिलावात मांडून त्यावर वीस रुपये घालवण्यात अर्थ नाही, तो वजनावरच जाऊ द्या. मात्र शाबूत घंगाळ भट्टीला दिले तर ३,००० रुपये येतात आणि लिलावातून, नवे शुल्क आणि कल्हई-बांधणी वजा जाऊन, ३,४७० च्या आसपास येतात. त्या पावणेपाचशे रुपयांवर एका भांड्याचे असणे-नसणे अवलंबून आहे, ताई. मला हे मनापासून लागते. माझ्या आजोळी लग्नात आलेले, काठावर माहेरच्यांचे नाव कोरलेले एक घंगाळ होते. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी त्याच्या पाण्यावर झाल्या आणि एका आखाजीला ते चार स्टीलच्या पातेल्यांच्या बदल्यात गेले. ते परत मिळणार नाही, कारण ते आता घंगाळ राहिलेलेच नाही. तुम्ही मोडीच्या ढिगातून जे बाजूला काढता, त्याला किंमत आहे, आणि संकेतस्थळाने शुल्क वाढवले की त्यातली काही भांडी भट्टीत जातात, हे कंपनीच्या हिशोबात कुठे दिसत नाही. जाता जाता, कोरलेली नावे घासून काढू नका. ‘सप्रेम भेट’ आणि साल असलेल्या भांड्याच्या काठाचा जवळून फोटो टाका, बोली त्यावर वाढते.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तुमचे नुकसान भरून काढायला मोडीचा भाव पाडू नका. शुल्क वाढले की विक्रेता ते मागे ढकलतो आणि शेवटी दारात हंडा घेऊन आलेल्या बाईला किलोमागे पन्नास रुपये कमी मिळतात. तिला जायला दुसरी जागा सर्वांत कमी असते. ज्या वस्तूचा लिलावात तळ सुटत नाही ती लिलावासाठी घेऊ नका, पण वजनाचा भाव सगळ्यांना एकच द्या.

शुल्क वाढले की काही वाटा मोहात पाडतात. गिऱ्हाइकाचा नंबर घेऊन संकेतस्थळाबाहेर व्यवहार करणे ही त्यातली पहिली. अशा बहुतेक संकेतस्थळांच्या नियमांत याला मनाई असते, खाते बंद होऊ शकते, आणि कुरिअरमध्ये समई मोडली किंवा पैसे बुडाले तर तुमच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. स्वतःहून दुकानात आलेल्या किंवा दुकानाच्या पाटीवरून फोन केलेल्या माणसाला विकणे वेगळे, त्यात काही गैर नाही. नणंदेला किंवा भाच्याला बोली लावायला सांगून आकडा चढवणे ही दुसरी वाट, आणि ती सरळ फसवणूक आहे. तिसरी अशी की, बोली वाढावी म्हणून वर्णनात ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ असे लिहिले जाते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमच्या बहुतेक वस्तू पन्नास-साठ वर्षांच्या आहेत, तेवढेच लिहा. एखादी खरोखर फार जुनी वाटली तर ती मांडण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करा.

करासंबंधी थोडक्यात सांगते. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना पूर्ण जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांकावर ई-कॉमर्समधून माल विकता येतो, पण तो आपल्या राज्यातच. तुम्ही याच सवलतीत असाव्यात असे तुमच्या गिऱ्हाइकांच्या गावांवरून दिसते. त्यामुळे शुल्कावरचा १८ टक्के कर तुम्हाला वळता करून घेता येत नाही, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून वजा करता येत नाही, आणि तो पूर्ण खर्चात जातो, म्हणून वरच्या सगळ्या हिशोबांत मी तो धरला आहे. मोठ्या वस्तूंवरचे बोलीदार रोडावले, तर नोंदणी घेऊन बेंगळुरू, हैदराबाद, कोलकात्याच्या संग्राहकांपर्यंत जाणे हा एक उपाय आहे. वापरलेल्या मालाचा व्यापार करणाऱ्याला, खरेदीवरचा कर वळता केलेला नसेल तर, खरेदी आणि विक्रीच्या फरकावरच जीएसटी भरण्याची मुभा नियमांत आहे. तुमच्या आणि दुकानाच्या उलाढालीचा हिशोब एकाच पॅनवर येतो का, हे तुमच्या सीएला दाखवून मगच यात उतरा.

तुमच्या चार वर्षांच्या नोंदी आणि फोटो संकेतस्थळावरच ठेवू नका. भारतात ईबेने २००४ मध्ये बाझी हे संकेतस्थळ विकत घेऊन लिलाव चालवला, २०१७ मध्ये तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते संकेतस्थळ बंद झाले. विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे मिळवलेले चांगले शेरे त्यासोबत गेले. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, बोली आणि मिळालेली निव्वळ रक्कम स्वतःच्या संगणकात किंवा वहीत असू द्या.

राहिला तुमचा लामणदिवा. तुमचा अंदाज ६,००० रुपयांचा आहे आणि कुरिअर ४०० रुपये. ऑगस्ट संपण्याआधी विकला तर शुल्क ५६६ रुपये ४० पैसे, सप्टेंबरनंतर ९४७ रुपये ५४ पैसे, म्हणजे ३८१ रुपयांचा फरक. हा फरक भरून निघायला पुढे बोली साधारण ४४५ रुपयांनी जास्त यावी लागेल. गेल्या वर्षी अश्विनात तुमची समयांची जोडी श्रावणातल्या जोडीपेक्षा हजार रुपयांनी वर गेली होती, असे तुमच्याच हिशोबात लिहिले आहे. दिव्याला गिऱ्हाईक दिवाळीच्या तोंडावरच येते. साखळी तेवढी तपासून घ्या, वरचा मोर आणि तेलाची वाटी यांचे वेगळे फोटो काढा, आणि दिवा नवरात्र उलटल्यावर अशा बेताने मांडा की लिलाव रविवारी रात्री संपेल. कुरिअरला चार दिवस धरले तरी तो धनत्रयोदशीच्या आधी पोचला पाहिजे.